दरवाज्यासमोरचे बोंबील

मी वसईच्या किल्ल्यापाशी बसून टाइपरायटरवर चित्रं काढते, याचं कारण लोक कलेत शोधतात. खरं कारण आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

तुळिंजला माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या तशी मुलंही गेली. मग भाड्याची जागा सोडावी लागली आणि मशिनं भंगारवाल्याने उचलली. एक मी ठेवलं. लांब कॅरेजचं, म्हणजे रुंद कागद मावेल अशा सरकत्या रुळाचं मराठी मशीन, ज्यावर मुलं मोठे तक्ते टाइप करायला शिकायची. ते फुलपाड्याच्या फ्लॅटवर आणलं आणि दुपारची कामं आटोपली की त्यावर चित्रं काढायला लागले. इन्स्टिट्यूटमध्ये मुलं कंटाळली की मी त्यांच्याकडून अक्षरांचा गणपती काढून घ्यायची. या विषयातलं माझं शिक्षण तेवढंच.

खालच्या मजल्यावरून तक्रार गेली आणि सेक्रेटरी वर आला.

"मॅडम, दुपारची ठोकाठोकी बंद करा. लोक झोपलेले असतात."

"शेजारच्या विंगेत दिवाळीपर्यंत टाइल्स फोडत होते. तेव्हा लोक जागे होते का?"

"ते काम होतं."

"हेही कामच आहे."

"कसलं?"

मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मशीन जुन्या चादरीत बांधलं, स्कूटीवर पायाशी ठेवलं, घडीचं टेबल मागे बांधलं. कॅरेज इतकी लांब की दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होती. नवरा गॅलरीतून म्हणाला, "फोटो काढून आण ना. घरी बसून हळूहळू करशील." हळू टाइप करणं मला कधी जमलेलं नाही. आणि ज्या घरात हळू करावं लागतं तिथे मला ते करायचं नव्हतं. असं माझं जागेवर बसून काम करणं सुरू झालं.

सुरू झाल्यावर कळलं की जागेवरच करायला हवं. फोटोत दगड सगळे एकाच उजेडात असतात. समोर बसलं की सकाळी कमानीच्या आत काहीच दिसत नाही, आणि उन्हं फिरली की त्याच काळोखातून एकेक चिरा वर येतो. मला दोन्ही लागतं. मराठी मशीनवर ते होतं, कारण उकार, मात्रा, अनुस्वार या कळा दाबल्या तर कॅरेज पुढे सरकत नाही. एकाच जागी हवं तितक्या वेळा ठोका. काळोख मी असा ठोकून ठोकून आणते. अक्षरांवरची रेघ एकमेकींना जोडून गेली की भिंतीवरचा पट्टा आपोआप मिळतो, आणि नुसता काना मारत गेलं की खांब उभे राहतात. चुकलं तर मात्र खोडता येत नाही. गडद झालेलं पुन्हा उजळ होत नाही.

किल्ल्यात मी पहिल्यांदा आतल्या पडक्या चर्चसमोर बसले. तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. झगे, रंगीत धूर, डोक्यावर घरघरणारा ड्रोन. त्या सगळ्याला वळसा घालून रखवालदार माझ्याकडे आला.

"मॅडम, मशीनला परमिशन लागते."

"कुठल्या मशीनला?"

"या."

"हे उडत नाही, विजेवर चालत नाही, धूर काढत नाही. पलीकडे तिन्ही चाललंय."

"त्यांनी विचारलंय वरती."

"मग मलाही वरती कुठे ते सांगा, मी विचारते. आणि टाइपरायटरचं कुठे लिहिलंय ते दाखवा."

तो म्हणाला, विचारून सांगतो. विचारायला गेला तो दोन दिवस गेला, आणि आल्यावर म्हणाला की साहेबही म्हणाले, टाइपरायटरचं काही लिहिलेलं नाही, म्हणून नकोच. यावर मी भांडू शकले असते. पण भांडणात उजेड जातो. मी टेबल उचललं, समुद्राकडच्या दरवाज्यातून बाहेर पडले आणि कोळीवाड्याच्या रस्त्याच्या कडेला, दरवाज्याकडे तोंड करून बसले. तो कमानीत उभा राहून पाहत होता. बाहेरचा रस्ता त्याचा नव्हता.

हा दरवाजा मला आतल्या चर्चपेक्षा बरा वाटला. दोन्हीकडे फुगीर भक्कम बुरूज, मध्ये कमान, लाकडी दारावर हाताएवढे लोखंडी खिळे. इथे कुणी झगा पसरून उभं राहत नाही. माणसं सायकली घेऊन येतात-जातात.

तिथेच मला ते गृहस्थ भेटले, ज्यांना सगळे सर म्हणत. वसईतल्या जुन्या वास्तूंवर ते एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवत होते. फोटो, पेन्सिलची चित्रं, लाकडी प्रतिकृती. माझ्या मागे बराच वेळ उभे राहून ते म्हणाले, "बाई, असं काम मी पाहिलेलं नाही. हा दरवाजा पूर्ण करून द्या. समोरची मधली भिंत तुमची."

मला ती भिंत हवी होती. सोसायटीत, माहेरी, नवऱ्याच्या ऑफिसातल्या बायकांमध्ये, जिथे जिथे "अजून वाजवतेस का ते मशीन" असं हसून विचारलं जातं, त्या सगळ्यांना बोलावून मला त्या भिंतीसमोर उभं करायचं होतं. काही बोलायचं नव्हतं. नुसतं उभं करायचं होतं.

मी रोज जायला लागले. पावसाळा सरून बोंबलांचा हंगाम लागला होता. दरवाज्यासमोरच्या मोकळ्या जागेत बायका बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगतात. त्याला वलांडी म्हणतात. मी बसायची तिथून दोन वलांड्या मध्ये येत होत्या, त्या मी टाइप केल्या. बांबूला काना, दोरीला वरची रेघ. आणि दोरीवर अडकवलेली बोंबलांची जोडी हुबेहूब मराठी आठाच्या आकड्यासारखी दिसते. ८८८८८ असं मारत गेलं की वलांडी भरली. मला स्वतःवर खूश व्हायची सवय नाही, पण त्या दिवशी मी घरून आणलेला चहा पूर्ण संपेपर्यंत त्या आठांकडे पाहत होते.

चहा संपला तेव्हा समोर चार बायका उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे एक म्हातारी, कमरेला लुगडं घट्ट खोचलेलं, हातात रिकामी टोपली.

"कोन गं बाय तू? रोज येऊन काय लिवतेस?"

"लिहीत नाही, मावशी. चित्र काढते."

"मशीनवर? आमाला येडी समजतेस काय? मशीनवर अर्ज करतात."

मागची तरुण बाई तिची सून होती. ती पुढे वाकून कागद वाचायला लागली. "हहहह, क्षक्षक्ष, मग नुसतेच उकार. आई, काय कळतच नाय."

"म्हंजे कळू नये असंच लिवलंय."

हळूहळू समजलं. आदल्या हंगामात कुणी एक मोजायची टेप घेऊन आला होता, पावलं टाकत कागदावर काही लिहून गेला होता, आणि मागाहून निरोप आला होता की वलांड्या दरवाज्यापासून लांब न्या. निरोप कुणाचा ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. बायकांनी वलांड्या हलवल्या नव्हत्या, पण तेव्हापासून कागद घेऊन बसलेल्या माणसावर त्यांची नजर होती.

मी कागद मशीनमधून काढला आणि दहा-बारा पावलं मागे जाऊन छातीशी धरला. "आता बघा."

मग सून म्हणाली, "अगो, दरवाजा." दुसरी म्हणाली, "बुरूज बघ, झाडाच्या मुळांसकट." म्हातारी जवळ आली, मागे गेली, पुन्हा जवळ आली.

"ह्ये काय?"

"वलांडी. तुमची."

"बोंबील चांगले सुकलेत," सून म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. म्हातारी हसली नाही.

"पूस."

"पुसता येत नाही."

"मग फाड."

"फाडणार नाही."

"आमच्या वलांडीचा कागद करतेस नि आमालाच नाय म्हनतेस?"

"मावशी, मी दरवाजा काढत होते. वलांडी मध्ये आहे म्हणून आली. नसती तर आली नसती. जे समोर आहे ते मी खोटं करणार नाही, तुमच्यासाठी नाही आणि दुसऱ्या कुणासाठीही नाही."

माझा आवाज चढला होता. तिने टोपली खाली ठेवली, तेव्हा मला वाटलं आता कागदाला हात घालते. तिने हात कमरेवर ठेवले.

"खोटं करनार नाय ना? मग दोनच कशा?"

"मी बसते तिथून दोनच दिसतात."

"आनि माझ्या जावंची? हिची? त्या पलीकडच्या चार? त्या काय मी रात्रीत लावल्या? उद्या हा कागद कोनी बघितला तर म्हनंल, बघा, दोनच होत्या, बाकी मागून घुसवल्या."

"हे चित्र आहे. मोजणी नाही. हे बघून कुणी काही ठरवत नाही."

"कागद तो कागद."

मी पुढे बोलले नाही, कारण इन्स्टिट्यूट चालवताना जोडीला मी लोकांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं टाइप करून दिलेली होती. टाइप केलेल्या कागदाचं लोक काय काय करतात हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी मी चिडले. सगळ्या वलांड्या घ्यायच्या तर त्याच कागदावर शक्य नव्हतं, दरवाज्याचा खालचा भाग गडद होऊन बसला होता. म्हणजे नवा कागद, पहिल्या ओळीपासून. सरांची तारीख जवळ येत होती. मी सामान बांधलं, त्यांना सांगितलं की माझं चित्र मी ठरवीन, आणि निघाले. मागून म्हातारी म्हणाली, "जा. मग हिकडं बसू नको."

मी दुसऱ्या दिवशी गेले ते बसणार आहे हे सांगायलाच. पण मशीन उतरवण्याआधी सहज मागे चालत गेले, जेट्टीच्या दगडांपर्यंत, आणि तिथून वळून पाहिलं. दरवाजा अंगठ्याएवढा झाला होता. त्याच्यापुढे वलांड्यांच्या रांगा, एकीमागे एक, बोंबील वाऱ्यावर एका अंगाला झुकलेले, आणि त्यांच्यामधून वाकून जाणाऱ्या बायका. इतके आठ, एवढ्या दाटीत, एकही खोडता न येता. मला दया वगैरे आली नाही. मला ते चित्र जास्त अवघड दिसलं, आणि मला अवघड काम सोडवत नाही. टेबल तिथेच मांडलं.

म्हातारी आली. "परत आलीस?"

"जेट्टी तुमची आहे का?"

"नाय."

"मग बसते."

तिने नवा कागद पाहिला, मी किती मागे बसलेय ते पाहिलं, आणि निघून गेली. थोड्या वेळाने सून चहा घेऊन आली.

त्यानंतर माझ्या मागे कायम कुणीतरी उभं असायचं. प्रत्येकीला आपली वलांडी तपासायची होती.

"माझे बोंबील बारीक दाखवलेस, ताई."

"आठ सगळ्यांना सारखाच आहे."

"मग तिचे भरलेले कसे दिसतात?"

"तिने दाटीवाटीने लावलेत."

"तिचे दोन कमी कर. माझी टोपली नेलीय, परत देत नाय."

खारा वारा मशीनच्या पोटात जायचा. आठाची कळ अडकायला लागली, नेमकी तीच. रोज घरी गेल्यावर जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून ती साफ करायची, सकाळी पुन्हा अडकायची. मांजरं टेबलाखाली येऊन बसत. माझ्या कपड्यांना, केसांना, रिबनलासुद्धा बोंबलाचा वास लागला. नवरा म्हणाला, "आता सोसायटी आवाजावरून नाही, वासावरून नोटीस काढेल." मी म्हटलं, काढू दे.

एकदा सूनबाईने विचारलं, "ताई, हे हॉलमध्ये लागणार ना? आम्ही सगळ्या येणार. साड्या ठरल्यात." मी म्हटलं, या.

चित्र झालं. वर तीन बोटं रुंदीची आभाळाची मोकळी पट्टी, तिच्याखाली दरवाजा आणि दोन बुरूज, आणि तिथून कागदाच्या तळापर्यंत वलांड्या. सगळ्या.

सरांनी ते हॉलमधल्या टेबलावर पसरलं. आधी जवळून पाहिलं, मग भिंतीला लावून लांबून. त्यांना काम कळत होतं, हे मी नाकारणार नाही.

"मेहनत अफाट आहे, बाई. पण यात दरवाजा कुठे आहे?"

"मागे."

"दिसतो कमी."

"तिथून तेवढाच दिसतो."

"हे प्रदर्शन वास्तूंचं आहे. मासळीचं नाही ना." ते प्रेमानेच बोलत होते. "असं करू. फ्रेममध्ये खालचा भाग माउंटच्या पुठ्ठ्याखाली घेऊ. फाडायचं नाही, नुसतं झाकायचं. कमान आणि बुरूज राहतील."

"झाकायचंच असेल तर कमान झाका."

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा थांबले.

"तुमचा आधीचा कागद होता ना, दोनच वलांड्या होत्या त्यात. तो द्या. दोन चालतील. दोन छानच दिसतात."

तो कागद माझ्याकडे घरी होता. अर्धवट होता, पण दोन दिवसांत पूर्ण झाला असता. मधली भिंत अजून रिकामी होती. समोरच होती, पांढरी, वर दिवा लावलेला. मी तिच्याकडे पाहिलं. दोन चालतील म्हणजे शोभेपुरत्या. म्हातारीचा हिशोब मला चुकीचा वाटला होता. तो चुकीचा नव्हता, फक्त तिला माणूस वेगळा अपेक्षित होता. टेप घेऊन येणारा नव्हे, हे सभ्य, हौशी, माझं कौतुक करणारे गृहस्थ तिच्या बाकीच्या वलांड्या पुसत होते.

"तो देणार नाही," मी म्हटलं. "लावायचा तर हा, पूर्ण. नाहीतर नको."

"तुम्ही फार हट्टी आहात."

"हो."

"मग माझा नाइलाज आहे."

मी कागद गुंडाळला आणि बाहेर आले. वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं, ती भिंत मला खरोखर हवी होती. स्कूटी चालू करायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पण परत आत जावंसं एकदाही वाटलं नाही.

प्रदर्शन उघडायच्या दिवशी मी सकाळी कोळीवाड्यात गेले, कारण बायका तयार होऊन हॉलवर जायच्या आधी त्यांना सांगणं भाग होतं. म्हातारी अंगणात बसली होती. मी जे झालं ते सांगितलं, दोन चालतील हेही सांगितलं.

ती म्हणाली, "बघ. म्हनलं नव्हतं?"

"म्हणाला होतात."

"आता ह्याचं काय?"

"घरी नेते."

"घरी कोन बघनार? तुझा दादला? आन हिकडं."

मच्छी दुसऱ्या दिवशी यायची होती, म्हणून तिची पुढची वलांडी रिकामी होती. सुनेने कागदाला पारदर्शक प्लॅस्टिक लावलं आणि तो दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगला, दरवाज्यातून बाहेर येणाऱ्याच्या बरोबर तोंडासमोर. साड्या नेसून झाल्याच होत्या, त्यामुळे सगळ्या तिथेच उभ्या राहिल्या. येणारे-जाणारे थांबायला लागले. प्रत्येक माणूस आधी जवळ जाऊन वाचायचा प्रयत्न करायचा, आणि प्रत्येकाला कुणीतरी ओरडून सांगायचं, "मागं जा, मागं. वाचायचं नाय ते." फोटोवालं एक जोडपं झगा सावरत दरवाज्याबाहेर आलं, आणि नवरी बराच वेळ आठ मोजत बसली. ज्यांना मला बोलवायचं होतं त्यांच्यातलं कुणीच तिथे नव्हतं. मी कुणाला कळवलंही नाही.

दुपारी रखवालदार बाहेर आला.

"मॅडम, इथं काही लावायला परमिशन लागते."

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणाली, "वलांडी माझी. माझ्या वलांडीवर मी बोंबील लावीन नाय तर कागद लावीन. तू कोन?"

तो कागदाजवळ गेला, पहिली ओळ पुटपुटला, सगळ्यांनी त्याला मागे पिटाळलं. तो मागे सरकत सरकत जेट्टीच्या दगडाला अडखळला आणि तिथे उभा राहिला.

"दरवाजा फार लांब गेलाय," तो म्हणाला.

"हो."

"सगळ्यांच्या वलांड्या आहेत?"

"सगळ्यांच्या."

त्याने अजून थोडा वेळ शोधाशोध केली. मग म्हणाला, "मी नाही यात."

"तुम्ही आत असता."

"संध्याकाळी इथंच असतो की. चहाला."

"माझाच पितो," म्हातारी म्हणाली.

"काढला असता तर काय बिघडलं असतं? एकच तर माणूस आहे मी."

"मी होते तेव्हा तुम्ही कमानीत उभे राहून माझ्यावर नजर ठेवत होतात," मी म्हटलं. "आता काही होणार नाही. हा कागद झालाय. यात काही वाढायचं नाही आणि यातून काही कमीही व्हायचं नाही."

तो आत गेला. परवानगीचं पुन्हा काढलं नाही. कागद दिवसभर दोरीवर होता. मच्छी लवकर येणार असा संध्याकाळी निरोप आला, वलांडी मोकळी करून द्यायला हवी होती, म्हणून मी चिमटे काढले, ते सुनेला मोजून परत दिले आणि कागद घेऊन घरी आले.